आधी वाट, मग वस्तू

मंडळी, घरातल्या एखाद्याला वस्तू साठवण्याचा आजार असेल तर बाकीच्यांनी मदत कशी करायची, असा आजचा विषय जाहीर झालाय. त्याची पद्धत सांगणारच आहे. पण आधी एका जुन्या घटनेकडे नेतो, कारण ती नेहमी अर्धीच सांगितली जाते.

न्यूयॉर्क, २१ मार्च १९४७. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका घरात प्रेत आहे, असा फोन पोलिसांना आला. होमर आणि लँग्ली कॉलियर हे दोघे भाऊ तिथे राहायचे. दारातून आत जाता येईना, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून शिरावं लागलं. होमर मेलेला सापडला. तो आंधळा होता, संधिवातानं जागेला खिळलेला. लँग्लीचा मात्र पत्ता नाही. सगळीकडे शोध झाला आणि ८ एप्रिलला तो सापडला तो त्याच घरात, भावापासून जेमतेम दहा फुटांवर. ढिगाऱ्यांमधून त्यानं बोगद्यासारख्या वाटा ठेवल्या होत्या आणि चोरांसाठी सापळे लावले होते. भावाकडे खाणं घेऊन सरपटत जाताना त्यातलाच एक सापळा त्याच्या अंगावर कोसळला. तो गेला, आणि खायला घालणारं कुणी न उरल्यानं होमरही गेला. घरातून शंभर टनांहून जास्त सामान निघालं, त्यात चौदा पियानो!

(हशा)

हसा, सगळेच हसतात, आणि गोष्ट तिथेच संपवतात. पण त्या घरात वर्तमानपत्रांचे गठ्ठे का होते? लँग्लीला खात्री होती की भावाची दृष्टी परत येईल, आणि तेव्हा त्याला मधल्या सगळ्या वर्षांच्या बातम्या वाचायला मिळाव्यात. म्हणजे त्या ढिगाच्या तळाशी माया होती. तुमच्या घरातल्या ढिगालाही असंच काही कारण असतं. ते विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचं सोडून आपण ओरडतो. दुसरं म्हणजे, त्या भावांचा जीव पियानोंनी घेतला नाही, वाटेनं घेतला. म्हणून मी पुन्हापुन्हा सांगतो, सामान किती आहे ते नंतर बघू, आधी वाट बघा.

वाट म्हणजे अंथरुणापासून बाहेरच्या दारापर्यंत आणि अंथरुणापासून संडासापर्यंत, साधारण नव्वद सेंटिमीटर रुंद. एवढ्या जागेतून आजारी माणसाला धरून नेता येतं. वाटेच्या कडेचा ढीग कमरेच्या वर नको. शेगडी आणि हीटर यांच्याभोवती चहूबाजूंनी एक मीटर मोकळं. विजेच्या बोर्डासमोर काही नको, आणि वायर कपड्यांखालून किंवा कागदांखालून गेलेली नको, कारण ती तापते आणि कुणाला दिसत नाही. कागदाला हलकं समजू नका. पाचशे पानांचं एक रिम अडीच किलो भरतं, पाच रिमांचा खोका साडेबारा किलो, आणि असे वीस खोके एका कोपऱ्यात रचले की पाव टन. ओल लागली की वजन आणखी वाढतं आणि तळचा खोका बसतो.

वाट आधी घ्यायची याचं मोठं कारण असं की वाटेसाठी काही टाकावं लागत नाही, फक्त हलवावं लागतं. ‘हे टाकूया का?’ म्हटलं की माणूस आक्रसतो. ‘तू पडू नयेस म्हणून हे त्या भिंतीला लावूया का?’ म्हटलं की बहुधा होकार मिळतो. तो पहिला होकार फार मोलाचा असतो.

आता माझी तक्रार. माणूस बाहेरगावी गेला की मागे घर रिकामं करणारे नातलग! प्रेमानं करतात हो, पण नुकसान फार होतं. एक तर अशा घरात पैसे, दागिने, कागदपत्रं रद्दीतच ठेवलेली असतात, ती सगळ्यासकट जातात. दुसरं, माणूस परतल्यावर आधीपेक्षा वेगानं भरतो, आणि आता दाराला कुलूपही लावतो. कारण दुखणं सामानात नाही, निर्णयात आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या एका अभ्यासात हे दिसलं: स्वतःचे कागद ठेवायचे की टाकायचे हे ठरवताना या रुग्णांच्या मेंदूचे काही भाग नेहमीपेक्षा जास्त उत्तेजित होतात, दुसऱ्याच्या कागदांबाबत तसं होत नाही. निर्णय तुम्ही घेतलात तर त्यांना सराव कशाचा झाला? २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत, याचं स्वतंत्र निदान आहे. आळस म्हणून याकडे बघणं आता तरी थांबवा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. तेव्हा पद्धत भराभर सांगतो.

रोज एकच ठरलेली वेळ, वीस ते तीस मिनिटं, गजर लावून. गजर झाला की थांबायचं, काम रंगात आलं असलं तरी. एकच टेबल किंवा एकच प्रकार घ्यायचा. जुनी पाकिटं आणि मुदत संपलेली औषधं आधी, फोटो आणि पत्रं अगदी शेवटी. वस्तू त्यांनी उचलायची, तुम्ही नाही. तुम्ही फक्त विचारायचं: असं अजून किती आहे? गेल्या वर्षात लागलं का? ढीग तीनच: ठेवायचं, द्यायचं, जायचं. ‘नंतर बघू’चा चौथा ढीग केलात की तेच कागद महिनोन्महिने इकडून तिकडे फिरतात. जायचं ते त्याच दिवशी घराबाहेर, नाहीतर रात्री परत आत येतं. टाकण्याआधी विचारा, दहापैकी किती त्रास होतोय? तासाभरानं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आकडा बहुतेकदा आपोआप उतरतो. ते त्यांना स्वतःला दिसणं हाच उपचाराचा गाभा.

येणारी वस्तू थांबवली नाही तर हे सगळं फुकट. आठवडाभर दारातून आत आलेलं सगळं लिहून ठेवा, यादी त्यांनीच लिहायची. उंदराच्या लेंड्या असल्या तर कोरडं झाडू नका. मास्क, हातमोजे, खिडक्या उघड्या, जंतुनाशकानं भिजवून पुसा.

समुपदेशक शोधताना वर्तनोपचारात, विशेषतः साठवण्याच्या आजारात, काम केलेला हवा. सुधारणा महिन्यांच्या हिशेबात मोजायची. आणि ही सवय आधी नसताना साठी-सत्तरीनंतर अचानक लागली असेल, तर घर आवरायला घेण्याआधी डॉक्टरकडे जा. स्मृतिभ्रंश किंवा मेंदूची दुसरी काही इजा आहे का ते पाहावं लागतं, आणि तसं निघालं तर वरची निम्मी पद्धत बदलते.