ऑक्टोबर 1947चा एक डबा

(दृश्य: टेबललॅम्पचा उजेड. हिरव्या कटिंग मॅटवर मातकट लाल रंगाचा छोटा मालडबा. शेजारी चिमटा, भिंग, ब्लेड.)

रेल्वेच्या मालडब्याचं हे मॉडेल माझ्या टेबलावर दोन वर्षं आहे. लांबी चौदा सेंटीमीटर आणि वर थोडीशी. ठरवून बसलं तर असा डबा आठवडाभरात जोडून होतो. बाकीचे महिने कुठे गेले, तेच सांगायचंय.

डबा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा. त्यांच्या वहीत त्याची जात ‘एक्स-29’. चारी बाजूंनी बंद, मधोमध सरकतं दार, आतली लांबी 40 फूट 6 इंच. मी एच-ओ प्रमाणात काम करतो, म्हणजे खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. 1924पासून पुढच्या दहा वर्षांत असे जवळपास 30 हजार डबे बांधले गेले.

30 हजार एकसारखे डबे! म्हणजे एक केला की सगळे केले, असं मलाही वाटलं होतं.

(दृश्य: दोन कृष्णधवल फोटो शेजारी शेजारी. एका डब्याचं टोक सपाट, दुसऱ्याचं लाटालाटांचं.)

हे दोन्ही एक्स-29. पण सुरुवातीच्या डब्यांची टोकं सपाट पत्र्याची, नंतरच्यांची पन्हळी. दारं बदलली. 1933पासून नव्या डब्यांना ‘एबी’ जातीचे, हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक आले, मग जुन्या डब्यांखालचेही ब्रेक हळूहळू बदलत गेले. कुठला डबा वर्कशॉपमध्ये कधी शिरला, त्यावर त्याचं रूप ठरायचं. त्यामुळे ‘एक्स-29 कसा दिसायचा?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठल्या नंबरचा, कुठल्या साली, हे विचारावं लागतं.

मी साल ठरवलं 1947. महिना ऑक्टोबर. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात झाडं लाल-पिवळी झालेली असतात आणि मालगाड्या अजून कोळशाच्या धुरात चाललेल्या असतात. डिझेल आलंय, पण वाफेचं इंजिन गेलेलं नाही.

(दृश्य: रेखाचित्र. लाकडी फळ्यांचा डबा. बाहेरून लोखंडी कैच्या दिसतात.)

थोडं मागे जाऊ. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या रेल्वेची पार कोंडी झाली. पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांपाशी भरलेले डबे तुंबले आणि बाकी देशात रिकामे डबे मिळेनात. डिसेंबर 1917च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी खासगी कंपन्यांच्या रेल्वे सरकारच्या ताब्यात घेतल्या, त्या 1 मार्च 1920ला परत केल्या. मधल्या काळात सरकारने ठरावीक नमुन्यांचे सुमारे एक लाख मालडबे मागवले. आधी प्रत्येक कंपनीचा सुतार वेगळा, चव वेगळी. आता पहिल्यांदाच एका नकाशावरून हजारो डबे बाहेर पडले. त्यातल्या बंद डब्यांच्या भिंती मात्र लाकडीच होत्या. काहींना दोन्हीकडून फळ्या, काहींना आतून फळ्या आणि बाहेर उघडा पोलादी सांगाडा.

सगळ्या कंपन्यांना चालेल असा पूर्ण पोलादी बंद डबा 1923 साली रेल्वेवाल्यांच्या संघटनेने कागदावर आणला. एक्स-29 त्याच घराण्यातला.

(दृश्य: नॅरोगेजचा जुना रूळ, गवतात हरवलेला.)

इथे एक आडवळण घेतो, कारण ते माझ्या आजोळावरून जातं.

माझं आजोळ कुर्डुवाडीचं. आजोबा मालडब्याला ‘वाघीण’ म्हणायचे. इंग्रजांच्या ‘वॅगन’ची आपल्या लोकांनी वाघीण करून टाकली. लहानपणी मला वाटायचं, दार उघडलं तर आत खरंच असेल. तिथून पूर्वी निघणारी बार्शी लाइट रेल्वे अडीच फूट रुंदीची, 1897 साली सुरू झालेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरने तिच्या डब्यांसाठी दाबून घडवलेल्या पोलादाच्या चौकटी निवडल्या आणि ते काम इंग्लंडच्या लीड्स फोर्ज कंपनीकडे दिलं. हायड्रॉलिक दाबयंत्रात पत्रा घालून एका दमात चौकट काढायची, ही त्या कंपनीच्या सॅम्सन फॉक्सची विद्या. याच फॉक्सने इलिनॉयमधल्या जोलिएटला कारखाना काढला होता. 1899 साली तो कारखाना प्रेस्ड स्टील कार कंपनीत विलीन झाला, आणि अमेरिकेतल्या पोलादी मालडब्यांचं युग ज्या कंपन्यांनी आणलं त्यात ही कंपनी पुढे होती.

‘इथलं सोडून तिकडचे डबे कशाला?’ असं मला कायम विचारतात. मी बार्शीचं नाव सांगतो. समोरचा गप्प होतो. पटतं असं नाही, पण गप्प होतो.

(दृश्य: कारखान्याच्या आवारात उभा कोरा करकरीत डबा. बाजूचा फोटो, एकही माणूस नाही.)

आता फोटो. डबा तयार झाला की कारखाना त्याचा फोटो काढून ठेवायचा. मोठी निगेटिव्ह, अक्षर न् अक्षर वाचता येतं. अमेरिकन कार अँड फाउंड्री या डबे बांधणाऱ्या कंपनीचे असे फोटो सेंट लुईसच्या बॅरिजर रेल्वे ग्रंथालयात जपलेले आहेत. रिव्हेट मोजायला यासारखं दुसरं साधन नाही.

पण हे फोटो म्हणजे लग्नाआधी दाखवायला काढलेले. नवाकोरा रंग, धुळीचा कण नाही. आणि माणसं तर नाहीतच. प्रेस्ड स्टीलच्या मकीज रॉक्स कारखान्यात 1909 साली संप झाला, त्यात माणसं मेली. कारखान्याच्या फोटोत त्यातलं काही उमटत नाही.

रंगाच्या बाबतीतही हे फोटो फसवतात. त्या काळच्या पुष्कळ फिल्मना लाल रंग दिसतच नसे. लाल डबा फोटोत काळा यायचा आणि निळं अक्षर फिकट. कृष्णधवल फोटो बघून रंग मिसळायला बसणारा माणूस अंधारात बाण मारतो. मीही मारलेत.

(दृश्य: जॅक डेलानोचे रंगीत फोटो. शिकागोचं यार्ड, हिवाळा, वरून दिसणाऱ्या डब्यांच्या रांगा.)

म्हणून हे फोटो पाहिले तेव्हा मी जेवायचा थांबलो होतो. डिसेंबर 1942. शिकागोजवळचं शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचं प्रोव्हिसो यार्ड. सरकारी छायाचित्रकार जॅक डेलानो युद्धकाळातली रेल्वे टिपत होता, आणि त्याच्याकडे कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म होती. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात हे फोटो आहेत, कोणालाही मोठ्या आकारात उतरवून घेता येतात.

नीट बघा. आपण ज्याला सरसकट लाल म्हणतो त्यात विटकरी आहे, चॉकलेटी आहे, वाळल्या रक्ताचा आहे, काही तर चक्क धुरकट काळे. आणि छतं! जमिनीवरून काढलेल्या फोटोत छत कधी दिसत नाही. इथे वरून दिसतं. मधोमध फळ्यांची पायवाट आहे. धावत्या गाडीत ब्रेकमन या फळ्यांवरून चालत जाऊन हातब्रेक आवळायचा. पावसात, बर्फातसुद्धा.

(दृश्य: डब्याच्या बाजूवरची पांढरी अक्षरं, अगदी जवळून.)

डब्यावर काय लिहिलंय ते वाचू. वर कंपनीचं नाव, खाली नंबर. त्याखाली बारीक अक्षरात क्षमता, जास्तीत जास्त भार, आणि डब्याचं रिकामं वजन. रिकाम्या वजनाशेजारी वर्कशॉपची खूण आणि महिना-साल.

मार्केट यार्डात ट्रकचा रिकामा काटा आणि भरला काटा करतात ना, तोच हिशेब. मालाचं भाडं वजनावर. भरल्या डब्याच्या वजनातून रिकामा डबा वजा करायचा. पण डब्याची फळी बदलली, दार बदललं की रिकामं वजन बदलतं. म्हणून ठरावीक मुदतीने डबा पुन्हा तोलायचा, जुना आकडा रंगाने पुसायचा, नवा आकडा आणि तारीख उमटवायची. मळक्या डब्यावर तेवढाच एक स्वच्छ चौकोन. जुने फोटो चाळताना मी आधी तो चौकोन शोधतो. फोटोच्या पाठीवर काही लिहिलेलं नसलं, तरी डबा स्वतः सांगतो की हा फोटो या तारखेच्या आधीचा नाही.

पहिल्यांदा डबा पूर्ण केला तेव्हा अक्षरांच्या पट्टीतून मी तयार तारीख उचलून चिकटवली: 3-48. वर वार्निश मारलं. आठवड्याने एक मित्र आला, भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, “अरे, हा पुढच्या वर्षीहून आलाय का?”

सगळा रंग स्पिरिटने काढला. पुन्हा पहिल्यापासून.

(दृश्य: मालगाडीचा लांबचा फोटो. वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकामागे एक.)

पेनसिल्व्हेनियाच्या गाडीत सगळे डबे पेनसिल्व्हेनियाचे नसायचे. एका कंपनीचा डबा माल घेऊन दुसरीच्या रुळांवर जायचा, तिथून तिसरीच्या. ज्याच्या रुळांवर उभा, तो मालकाला दिवसाच्या हिशेबाने भाडं द्यायचा. नियम असा की रिकामा झालेला परका डबा घराच्या दिशेचाच माल भरून पाठवावा. डब्यांची टंचाई असली की हा नियम कोण पाळतो? हाताशी रिकामा डबा आहे, भर आणि सोड.

म्हणून मॉडेलवाल्यांमध्ये एक न संपणारा वाद आहे. गाडीत कोणाचे किती डबे ठेवायचे? एक पक्ष म्हणतो, देशातल्या एकूण डब्यांत ज्याचा जेवढा वाटा, तेवढेच त्याचे डबे. दुसरा म्हणतो, शेजाऱ्यांचे जास्त. दोघंही गार्डाच्या जुन्या वह्या पुरावा म्हणून काढतात, कारण गार्ड गाडीतल्या प्रत्येक डब्याची नोंद ठेवायचा. माझं मत पहिल्या पक्षाकडे झुकतं, पण फक्त बंद डब्यांपुरतं. कोळशाचे डबे खाण ते बंदर, खाण ते भट्टी असेच फिरायचे. आणि पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसचे नारिंगी, बर्फाच्या कप्प्यांचे डबे कॅलिफोर्नियाच्या फळांबरोबर यायचे. त्यांना ऋतू होता.

नंबर वाचता आला की पुढचं सोपं. ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’ उघडायचं. कुठल्या कंपनीचे कुठले नंबर, डब्याची आतली उंची किती, दार किती रुंद, सगळं छापलेलं. टेलिफोन डिरेक्टरीइतकं रटाळ. मी रात्री दोनपर्यंत वाचतो.

(दृश्य: पोस्टकार्डाएवढा फोटो, भिंगाखाली. बोट डब्याच्या खालच्या कडेवरून सरकतं.)

आता या डब्याची खरी गोष्ट. माझ्याकडे त्याचा एकच फोटो आहे. जुन्या फोटोंच्या एका गठ्ठ्यात मिळालेला, एका बाजूचा. डब्याच्या पायथ्याशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक बारीक आडवी रेष आहे. कितीतरी दिवस मी ती सावली समजत होतो.

मग लक्षात आलं की सूर्य समोर आहे. सावली तिथे पडेल कशी?

ती ठिगळाची कड होती. एक्स-29ला बाहेरून पत्रा, आतून लाकडी अस्तर. मधल्या फटीत ओल शिरायची, धान्याचा भुसा साचायचा, आणि पत्रा आतून, खालच्या कडेला कुजायचा. बाहेर गंज दिसेपर्यंत उशीर झालेला असायचा. मग कुजलेल्या भागावर पत्र्याच्या पट्ट्या मारायच्या. शेकडो डब्यांना अशी ठिगळं आहेत. नव्या डब्याच्या नकाशात त्यांचा मागमूस नाही, आणि दुकानातल्या कोऱ्या किटमध्येही नाही.

(दृश्य: ब्लेडने कागदाची पट्टी कापणं. चिमट्याने ती डब्यावर बसवणं.)

खरा पत्रा पाव इंच जाड धरला तरी माझ्या प्रमाणात तो 0.07 मिलिमीटर होतो. म्हणजे वर्तमानपत्राचा कागद. माझ्याकडचं सगळ्यात पातळ प्लॅस्टिक याच्या दुप्पट. ते लावलं तर ठिगळ नाही, कठडा दिसतो. शेवटी कागदच घेतला. पातळ गोंदात भिजवला, वाळू दिला, कड पॉलिशपेपरने मारली. पहिल्या चार पट्ट्या फुगल्या. पाचवी बसली.

त्यानंतर रंग. छतावर काजळी, कारण कोळशाचं इंजिन पुढे आहे. चाकांच्या तोंडावर गंज नाही, तेलकट काळपट थर, कारण त्या काळी आसाच्या पेटीत तेलात भिजवलेला सुताचा चोथा भरायचे आणि तेल झिरपून चाकावर यायचं. दाराशेजारी पांढऱ्या पेन्सिलीने दोन खुणा केल्या. यार्डातला कारकून डबा कुठल्या रुळावर ढकलायचा ते खडूने असंच लिहायचा. तारीख टाकली 6-46. दोनदा तपासली.

(दृश्य: भिंतीलगतची लांब मांडणी. लाल-पिवळी झाडं. गाडी डावीकडून उजवीकडे जाते, थांबते, इंजिन मागे जोडलं जातं, गाडी परत येते.)

तो मित्र परवा पुन्हा आला. भिंग घेऊनच. बराच वेळ पाहिलं, मग डबा उचलायला हात पुढे केला. मी म्हटलं, उचलू नको.

दुसऱ्या बाजूचा फोटो मला अजून मिळालेला नाही. तिथे ठिगळ होतं का, किती लांब होतं, माहीत नाही. ती बाजू मी साधी लाल रंगवून सोडली आहे. माझी मांडणी भिंतीला लागून आहे, गाडी जाते आणि त्याच वाटेने येते. डबा फिरवणारा लूप मी घातलेलाच नाही.