पेटन मूळचा कुठला?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

मघाशी चहाच्या वेळी मी कान देऊन ऐकत होते. चार टेबलांवर एकच प्रश्न चालला होता, "तुम्ही मूळचे कुठले?" समोरचा पुणं म्हणाला की आपलं समाधान होत नाही. "तसं नाही हो, मूळचे?" मग तालुका निघतो, गाव निघतं, गावाची नदी निघते, एखादा दोघांच्याही ओळखीचा मास्तर निघतो आणि खुर्ची जवळ ओढली जाते. आज मला हाच प्रश्न अशा माणसाबद्दल विचारायचा आहे, ज्याचं नाव शिकागोतल्या आपल्या घरांमध्ये शाळाप्रवेशाच्या दिवसांत हमखास घेतलं जातं. "पेटनला नंबर लागला का?" वॉल्टर पेटन कॉलेज प्रेप ही शाळा २००० साली सुरू झाली. तिथे जाणाऱ्या मुलांना पेटन कोण ते ठाऊक असतं: बेअर्स या शिकागोच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मोठा खेळाडू. आणि १९८६च्या जानेवारीत ज्यांनी बेअर्सना सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, ४६-१० असा जिंकताना पाहिलं, ते काका-काकू आजही त्याचं टोपणनाव घेतात, 'स्वीटनेस'.

पण मूळचा कुठला?

मिसिसिपी राज्याच्या दक्षिणेला मॅरियन काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा साधारण तालुका समजा. सगळी मिळून लोकवस्ती २०२०च्या जनगणनेत पंचवीस हजारांच्या आत. पर्ल नदीच्या काठावर कोलंबिया हे तिचं मुख्य गाव. वॉल्टर पेटन तिथला. मी शिकागोला यायच्या आधी सहा वर्षं हॅटिसबर्गला शाळेत गणित शिकवत होते. कोलंबिया तिथून पश्चिमेला पाऊण तासावर, त्यामुळे या गावात माझं बरंच जाणं-येणं झालं.

या काउंटीचा जो इतिहास छापला जातो, तो मी आधी वाचला. १८०५च्या माउंट डेक्स्टर करारात चॉक्टॉ या तिथल्या मूळ रहिवासी लोकांकडून दक्षिण मिसिसिपीची लाखो एकर जमीन अमेरिकन सरकारकडे गेली. मॅरियन काउंटी १८११ची, म्हणजे १८१७ साली झालेल्या मिसिसिपी राज्यापेक्षा वयाने मोठी. फ्रान्सिस मॅरियन या क्रांतियुद्धातल्या सेनानीचं नाव तिला दिलं. मिसिसिपीचं वेगळं राज्य करायचं की नाही हे ठरवणारी १८१६ची सभा याच काउंटीत, सँडी हूक इथल्या जॉन फोर्डच्या घरात भरली होती; ते घर अजून उभं आहे. १८२१ साली राज्याचं विधिमंडळ कोलंबियात भरलं आणि थोडे दिवस हे गाव राजधानी होतं. जॅक्सनची जागा राजधानीसाठी निवडली गेली ती त्याच अधिवेशनात.

मग आला लाकडाचा काळ. लाँगलीफ पाइनची उंच सरळ झाडं, लाकूड कापायच्या सॉमिल, आगगाडी, आणि १९३०च्या सुमाराला सगळं जंगल तोडून संपलेलं. कोलंबियाचे तेव्हाचे महापौर ह्यू व्हाइट स्वतः लाकडाचे मोठे व्यापारी. मंदीत गावाचे हात रिकामे झाले, तेव्हा त्यांनी गावकऱ्यांकडून पैसा उभा करून रिलायन्स नावाच्या कंपनीचा कपडे शिवण्याचा कारखाना गावात आणला. (आपल्याकडच्या रिलायन्सशी तिचा काही संबंध नाही.) पुढे व्हाइट गव्हर्नर झाले आणि १९३६ साली तोच प्रयोग त्यांनी राज्यभर नेला. गावाने कर्जरोखे काढून इमारत बांधायची आणि बाहेरच्या कंपनीला ती चालवायला द्यायची. कारखाने बोलावण्यासाठी आज राज्याराज्यांत जी चढाओढ दिसते, तिच्या मुळाशी जे प्रयोग आहेत त्यांत कोलंबियाच्या या कारखान्याचं नाव घ्यावं लागतं. मला व्हाइट यांच्या या कामाबद्दल आदर आहे. ओस पडत चाललेलं गाव त्यांनी सावरलं.

पण हेच व्हाइट १९५४ साली दुसऱ्यांदा गव्हर्नर होते. त्या वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. व्हाइट यांनी जुलैमध्ये राज्यातल्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना बोलावलं आणि सुचवलं की तुमच्या शाळा सुधारायला पैसा देतो, तुम्ही आपण होऊन वेगळेच राहा. जवळजवळ सगळ्यांनी तोंडावर नकार दिला. मग राज्याने दुसरा रस्ता धरला. त्याच वर्षाच्या अखेरीला, वेळ पडली तर सरकारी शाळा मोडीत काढायचा अधिकार विधिमंडळाला देणारी घटनादुरुस्ती मतदानाने मंजूर झाली. वॉल्टर पेटन तेव्हा कोलंबियात अगदी लहान मूल होता.

मंडळी, इथपासून पुढची काउंटीची गोष्ट मला फुटबॉलच्या हकिकतींत सापडली.

गोऱ्या मुलांसाठी कोलंबिया हायस्कूल आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी जेफरसन हायस्कूल, अशा गावात दोन शाळा. वॉल्टर जेफरसनचा. त्याचा थोरला भाऊ एडी शाळेच्या संघात होता, म्हणून वॉल्टर फुटबॉलच्या वाटेला गेला नाही. तो शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. एडी शाळा संपवून बाहेर पडला, तेव्हा जेफरसनचे प्रशिक्षक चार्ल्स बॉस्टन यांनी या पोराला मैदानात आणलं. अकरावीतला मुलगा, पहिल्यांदा चेंडू हातात मिळाला आणि पासष्ट यार्ड पळत टचडाउन.

ती १९६९ची शरद ऋतूची गोष्ट. न्यायालयाच्या निकालाला पंधरा वर्षं उलटली होती आणि शाळा होत्या तशाच. त्या ऑक्टोबरात अलेक्झांडर विरुद्ध होम्स काउंटी या मिसिसिपीतल्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आता सवड नाही, ताबडतोब एकत्र करा. जानेवारी १९७०मध्ये शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना जेफरसनची मुलं कोलंबिया हायस्कूलमध्ये गेली.

एकत्र येणं कानाला गोड लागतं. माझ्या शाळेत एक वयस्क कृष्णवर्णीय सहकारी होत्या, मूळच्या मॅरियन काउंटीच्याच. मी त्यांना मावशीसारखं मानायचे. त्यांच्याकडून मला दुसरी बाजू कळली. दक्षिणेत बहुतेक ठिकाणी शाळा एकत्र झाल्या म्हणजे कृष्णवर्णीयांची शाळा बंद झाली. तिचं नाव, तिचे रंग, तिचं गाणं, तिच्या ढाली-करंडक, सगळं गेलं. कालचे मुख्याध्यापक दुसऱ्याच्या हाताखाली आले. कोलंबियातही बॉस्टन यांना नव्या संघात दुय्यम प्रशिक्षक केलं. मुख्य जागा कोलंबिया हायस्कूलचे टॉमी डेव्हिस यांना मिळाली. पेटन आणि त्याचे सोबती त्यामुळे इतके दुखावले की वसंतातल्या सरावावर त्यांनी काही दिवस बहिष्कार टाकला. सोळा-सतरा वर्षांची पोरं आपल्या मास्तरांच्या मानासाठी अडून बसली. मला या सगळ्या गोष्टीत ही सर्वांत मोठी वाटते, त्याच्या पुढच्या सगळ्या विक्रमांपेक्षा मोठी.

शरद ऋतूत ती मुलं परत आली. संघाने दहा सामन्यांपैकी आठ जिंकले आणि पेटनने प्रत्येक सामन्यात गुण मिळवले. शुक्रवारच्या रात्री गावचं मैदान म्हणजे काय असतं ते मी पाहिलंय. दुकानं लवकर मिटतात, बँड वाजत येतो, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे हजर. आपल्या गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांना जसं अख्खं गाव लोटतं, तसं. १९७०च्या त्या मोसमात मैदानाकडेच्या याच बाकांवर आदल्या वर्षापर्यंत एकमेकांच्या शाळेत पाऊल न टाकलेली माणसं बसली होती आणि एकाच मुलासाठी ओरडत होती. गावातला ताण त्याने हलका झाला असं लिहिलं गेलंय, ते मला पटतं. सगळं मिटलं असं मात्र मावशींनी कधी म्हटलं नाही.

अशा मुलाच्या दारात कॉलेजांची रांग लागायला हवी होती. दक्षिणेतल्या मोठ्या सरकारी विद्यापीठांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समधून एकाचंही बोलावणं आलं नाही. ओल मिसच्या, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाच्या, फुटबॉल संघात पहिले कृष्णवर्णीय खेळाडू दिसले ते १९७२ साली. कॅन्सस राज्यातल्या एका विद्यापीठात जायचं जवळपास ठरलं होतं, पण वॉल्टर शेवटी एडीच्या मागोमाग जॅक्सन स्टेटला गेला.

जॅक्सन स्टेट हे कृष्णवर्णीयांचं जुनं कॉलेज, १८७७चं. पेटन १९७१मध्ये तिथे पोचला त्याच्या आदल्याच वर्षी, मे १९७०मध्ये, पोलिसांनी अलेक्झांडर हॉल या मुलींच्या वसतिगृहावर चारशेहून अधिक गोळ्या झाडल्या होत्या. फिलिप गिब्ज हा विद्यार्थी आणि जेम्स अर्ल ग्रीन हा शाळकरी मुलगा मारला गेला. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांवर झालेला गोळीबार जगाला माहीत आहे, ही घटना त्याच्यानंतर अकरा दिवसांनी घडली आणि फार थोड्यांना आठवते. अशा आवारात ही मुलं फुटबॉल खेळत होती. आणि कसली खेळत होती! पेटनने चार वर्षांत साडेतीन हजार यार्डांहून जास्त धाव घेतली, ४६४ गुण मिळवले. कॉलेज फुटबॉलमध्ये तोवर एवढे गुण कुणीच केले नव्हते. व्यावसायिक संघ कॉलेजांतले खेळाडू निवडून घेतात, त्या १९७५च्या निवडीत बेअर्सनी त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. सहाव्या क्रमांकावर गेला त्याचाच जॅक्सन स्टेटचा सोबती रॉबर्ट ब्राझील. मोठ्या विद्यापीठांनी ज्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यातले दोघे पहिल्या सहांत!

मिसिसिपीच्या खेड्यांत ही परंपरा पुढेही चालली. क्रॉफर्डचा जेरी राइस, गवंड्याचा मुलगा, मिसिसिपी व्हॅली स्टेटला खेळला. माउंट ऑलिव्हचा स्टीव्ह मॅकनेअर अल्कॉर्न स्टेटला. त्यांच्यावर बोलायचं तर मला आणखी एक मेळावा लागेल.

सुट्टीत पेटन कोलंबियाला आला की पर्ल नदीकाठच्या वाळूत धावायचा. पाय रुतेपर्यंत, उलटी होईपर्यंत. सोबतचे एकेक करून बसायचे, तो धावत राहायचा. तेरा मोसमांत त्याचा एकच सामना चुकला, त्या पायांची मशागत या वाळूत झाली. चेंडू घेऊन धावण्याचा त्याचा १६,७२६ यार्डांचा विक्रम २००२ साली मोडला, तेव्हा तो हयात नव्हता. १९९९च्या फेब्रुवारीत त्याने यकृताचा आजार जाहीर केला, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला तो गेला. अवयवदानाबद्दल तो शेवटपर्यंत बोलत राहिला. आपल्या मंडळाच्या आरोग्य समितीच्या टेबलावर आज अवयवदानाचे अर्ज ठेवलेले आहेत, ते मी त्याच्यासाठीच मागवून घेतले.

मी हॅटिसबर्ग सोडून इकडे यायला निघाले तेव्हा मावशींना भेटायला गेले होते. त्यांनी डब्यात पिकन पाय हा तिकडचा गोड पदार्थ बांधून दिला. नोकरी कुठली, घर कुठे, थंडी सोसवेल का, यातलं काही विचारलं नाही. दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "शिकागो ना? आमचा वॉल्टर तिकडेच होता."