दगड, वीट आणि तिसरा उमेदवार

नमस्कार श्रोतेहो.

"तो काय निवडून येणार आहे? कशाला मत वाया घालवतोस?" निवडणूक आली की हे आपल्याकडे हमखास ऐकू येतं. आज ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे, ते अमेरिकेतले मतदारही दर चार वर्षांनी हेच ऐकतात आणि तरीही जाणूनबुजून तिसऱ्यालाच मत देऊन येतात. कारण असतं बंदूक.

आपल्याकडे बंदूक हवी असेल तर आधी परवाना लागतो, तो सरकार देतं आणि नाकारूही शकतं. अमेरिकेत 1791 पासून शस्त्र बाळगणं हा घटनेने मान्य केलेला हक्क आहे. त्यावर श्रद्धा असलेला माणूस सहसा रिपब्लिकन पक्षाचा मतदार. मग तो घर सोडून जातो कशाला?

2012 चं उदाहरण घ्या. ओबामांच्या विरोधात रिपब्लिकन पक्षाने मिट रॉम्नी यांना उभं केलं. हेच रॉम्नी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना, 2004 मध्ये, लष्करी धाटणीच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही करून बसले होते. बंदूकधारकांची सर्वांत मोठी संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, तरीही त्यांच्याच पाठीशी राहिली. दगडापेक्षा वीट मऊ, दुसरं काय! पण ज्यांना वीटही नको होती, त्यांच्यापैकी काहींनी लिबर्टेरियन पक्षाचे, म्हणजे सरकारने माणसाच्या आयुष्यात कमीत कमी ढवळाढवळ करावी असं मानणाऱ्या छोट्या पक्षाचे, गॅरी जॉन्सन यांना मत दिलं. जॉन्सन यांना एकूण मतं पडली जेमतेम एक टक्का.

पुढे ट्रम्प आले. फेब्रुवारी 2018 मध्ये, फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर, व्हाइट हाउसमध्ये टीव्ही कॅमेऱ्यांसमोर बैठक चालू होती. धोकादायक वाटणाऱ्या माणसाची शस्त्रं काढून घ्यायची तर कायद्याची रीतसर प्रक्रिया पाळूनच, असं उपाध्यक्ष पेन्स सांगत होते. ट्रम्प म्हणाले, आधी बंदुका काढून घ्या, प्रक्रियेचं नंतर बघू. हे डेमोक्रॅट नेता बोलला असता तर काय गहजब झाला असता, कल्पना करा! त्याच वर्षअखेरीस त्यांच्या सरकारने बंप स्टॉकवर बंदी आणली. बंप स्टॉक म्हणजे रायफलीला बसवायचा सरकता दस्ता. गोळी सुटली की धक्क्याने बंदूक मागे सरकते, दुसऱ्या हाताच्या जोराने पुन्हा पुढे येते आणि स्थिर धरलेल्या बोटावर चाप पुन्हा पुन्हा आपटतो. ज्यांच्याकडे तो होता त्यांनी नष्ट करायचा नाहीतर सरकारजमा करायचा, असा हुकूम निघाला. ही बंदी सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये उठवली.

घरोघरी रायफल असावी, हे मला स्वतःला मुळीच पटत नाही. पण मताबद्दलचा या लोकांचा हिशेब मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. काहीही झालं तरी हा जाणार कुठे, हे पक्षाला एकदा कळलं की त्या मतदाराला कोण विचारतो?

आता जॉर्जिया हे राज्य घ्या. नोव्हेंबर 2020, सिनेटची, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक. तिथला नियम असा, की पन्नास टक्क्यांच्या वर कोणीच गेलं नाही तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. रिपब्लिकन डेव्हिड पर्ड्यू थांबले 49.7 टक्क्यांवर! लिबर्टेरियन शेन हेझल यांनी नेली 2.3 टक्के, म्हणजे सुमारे 1 लाख 15 हजार मतं. ती सगळी बंदुकीपायी पडली असं नाही, पण आपल्या भाषेत हेझल यांनी पर्ड्यूंची मतं खाल्ली. जानेवारी 2021 च्या फेरीत पर्ड्यू हरले. जॉर्जियाची दुसरी जागाही त्याच दिवशी डेमोक्रॅटांकडे गेली आणि सिनेटमध्ये 50-50 अशी बरोबरी झाली. निर्णायक मत तेव्हाच्या डेमोक्रॅट उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या हाती.

मग जून 2022 मध्ये जवळपास तीन दशकांतला पहिला मोठा बंदूक नियंत्रण कायदा झाला. एकवीस वर्षांखालच्या खरेदीदारांची जास्त कसून चौकशी वगैरे. "बघा, हे तुमच्या तत्त्वाचं फळ," असं रिपब्लिकन म्हणू शकतात. पण सिनेटमध्ये त्या कायद्याच्या बाजूने 65 मतं पडली, आणि त्यात 15 रिपब्लिकन होते. रिपब्लिकनांवर विसंबता येत नाही, याचा लिबर्टेरियन मतदाराला आणखी काय पुरावा हवा? गंमत म्हणजे, दोन्ही बाजूंना आपलंच खरं ठरलं असं वाटतं.

ही मतं मोजकीच असली तरी मोठ्यांना ती हवी असतात. मे 2024 मध्ये ट्रम्प स्वतः लिबर्टेरियन पक्षाच्या अधिवेशनात मतं मागायला गेले. लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. चिडून ते म्हणाले, हरायचंच असेल तर खुशाल दर चार वर्षांनी आपले तीन टक्के घेत राहा. त्याच भाषणात त्यांनी एक वचनही दिलं: 'सिल्क रोड' या बेकायदा ऑनलाइन बाजाराचा संस्थापक रॉस उल्ब्रिक्ट, ज्याच्या सुटकेसाठी लिबर्टेरियन मंडळी वर्षानुवर्षं ओरडत होती, त्याला तुरुंगातून सोडवीन. नोव्हेंबरात त्या पक्षाच्या उमेदवाराला एक टक्कासुद्धा मतं मिळाली नाहीत. आणि 21 जानेवारी 2025 रोजी, शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी, उल्ब्रिक्टच्या माफीवर ट्रम्प यांची सही झाली.

नमस्कार.