रोख आणि उधार

[दृश्य: वेंगुर्ला बाजार, सकाळ]

एकेक फळी निघते. प्रत्येकीवर खडूनं आकडा घातलेला, कारण क्रम चुकला तर संध्याकाळी दुकान बंदच होत नाही. आत गल्ल्याशेजारी लाल कापडी वही. तिच्याकडे परत येऊ.

[दृश्य: माळ्यावरून उतरवलेली ट्रंक]

ही मुंबईहून बोटीनं आली. बोट बाहेर नांगरायची, माणसं आणि सामान होडीतून किनाऱ्याला. झाकणाच्या आतला कागद वाळवीनं अर्धा खाल्लाय, तरी नाव लागतं: व्हाइटअवे, लेडलॉ आणि कंपनी. ट्रंक कुणा साहेबानं टाकून दिलेली असावी, हा आमचा कयास. चाकरमानी त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून कशाला जातोय!

[दृश्य: मुंबई, दादाभाई नौरोजी रस्ता, इमारतीचा दर्शनी भाग]

रॉबर्ट लेडलॉ हा स्कॉटिश माणूस. १८८२ साली भागीदाराबरोबर कलकत्त्यात दुकान काढलं. मग मुंबई, मद्रास, लाहोर, सिमला, रंगून, सिंगापूर, थेट शांघाय. कपडे, बूट, भांडी, फर्निचर, सगळं एका छपराखाली. पण खरी गंमत मालात नव्हती, नियमात होती. तेव्हाचे साहेब लोक चिठ्ठीवर सही करून माल न्यायचे. बदली झाली की बिल मागे आणि साहेब पुढे. बुडीत पैसे भरून काढायला दुकानदार भाव चढवायचे. लेडलॉनं उधारी बंद केली, भाव उतरवले. लोकांनी कंपनीच्या नावावर कोटी केली: ‘राइट अवे अँड पेड फॉर’. म्हणजे लगेच घ्या, लगेच मोजा.

[दृश्य: रत्नागिरी, टिळक आळी]

१९०५ला बंगालची फाळणी झाली, विलायती मालावर बहिष्कार आला. या घरात जन्मलेले टिळक मुंबईत स्वदेशी माल विकणाऱ्या दुकानाच्या उभारणीत होते. लेडलॉची दुकानं पुढेही चाललीच. स्वातंत्र्यानंतर गिऱ्हाईक विलायतेला गेलं, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी मिटली. मुंबईच्या त्या इमारतीत तोवर खादी विकायला लागली होती.

[दृश्य: पुन्हा वेंगुर्ला, लाल वही]

ही वही मात्र रोखीच्या शाळेत कधी गेलीच नाही. मुंबईची मनीऑर्डर येईपर्यंत, आंबा-काजूचे पैसे हातात पडेपर्यंत, चतुर्थीचं सामानसुद्धा हिच्यावरच. बुडालं नाही का? बुडालं की. पण बदली होऊन जाणार कुठे? घर तर समोरच्या आळीत.

[दृश्य: गिऱ्हाईक पिशवी उचलतं, मालक पेन शोधतात. मूळ आवाज ठेवावा]

“लिवन ठेवा हां.”