भर दुपारी बोलिंग

मे महिन्यात आमच्या अमरावती जिल्ह्यात, वरुडच्या बाजूला, दुपारचं बाहेर निघायचं काही कामच नाही. पारा ४५ च्या आसपास, संत्र्याच्या बागेतली माणसं सकाळीच ओलित आटोपून घरी परततात, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पण या व्हिडिओतल्या घरातून बघा कसा कल्ला ऐकू येतोय. कूलर फुल्ल स्पीडवर, दिवाण भिंतीला सरकवलाय, टीपॉय आतल्या खोलीत, आणि टीव्हीसमोर पदर खोचून उभी आहे ती घरातली आजी. हातात पांढरा रिमोट. बोलिंग चाललंय, क्रिकेटचं नाही, बॉल घरंगळवून समोरच्या दहा पिना पाडायचं.

गेम जुना आहे. निन्टेन्डो कंपनीचा वी, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, २००६ साली आला, आणि त्याच्यावरचा हा वी स्पोर्ट्स, यात टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ, बॉक्सिंग असे पाच खेळ. जगात ८ कोटींच्या वर प्रती गेल्या याच्या. या घरात मात्र तो मागच्या दिवाळीत आला, पुण्यात कामाला असलेल्या पोरानं सेकंडहँड घेऊन बॅगेत घालून आणला.

आता आजीला हे जमतं कसं ते सांगतो, कारण मला यातली खरी कमाल तीच वाटते. रिमोटच्या आत अ‍ॅक्सेलेरोमीटर नावाची बारकी चिप आहे, हात किती जोरात आणि कुठल्या बाजूला हलला तेवढं ती मोजते. तुम्ही किती पळता याच्याशी तिला देणंघेणं नाही. टेनिसमध्ये पडद्यावरचा खेळाडू आपणहून बॉलकडे धावतो, आपण फक्त टायमिंगवर रॅकेट फिरवायची. बोलिंगला रिमोटच्या खालचं बटण दाबून धरायचं, हात मागे न्यायचा, पुढे झोकायचा आणि झोकतानाच बटण सोडायचं, मनगट थोडं वळवलं की बॉलही वळतो. बस. गुडघे धरलेल्या माणसाला याच्याहून सोपा खेळ कुठला.

सुरुवातीला आजीनं हात मागे असतानाच बटण सोडलं. बॉल उलटा मागे उडाला आणि मागची कार्टून माणसं दचकून उडाली. आजी घाबरली, "अवो माय, कोनाले लागला का?" नातू म्हणे, "नाही वो आजी, खोटा खोटा हाये तो, तू फेक." मग तिनं फेकला, आणि दहाच्या दहा पिना आडव्या. तिचा चेहरा कॅमेऱ्यात आलाय, थांबवून बघा हवं तर.

मधे एक पंचाईत झाली. टीव्हीपाशी ठेवायची एक पट्टी असते, सेन्सर बार म्हणतात तिला, उंदरानं तिची वायर कुरतडली. नाव सेन्सर बार असलं तरी त्यात सेन्सर नाहीच, दोन टोकांना इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, लाईट असतात फक्त, आणि ते बघणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो. मेनूमध्ये काही निवडायचं तर रिमोटला ते दोन ठिपके दिसायला लागतात. ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतंच, म्हणून पोरांनी टीव्हीपुढे थोडं अंतर ठेवून दोन पणत्या लावल्या, कूलरचं तोंड तेवढं भिंतीकडे फिरवलं, आणि पडद्यावरचा हात हलायला लागला! गेम निवडला की पणत्या विझवायच्या, बॉल फेकायला त्यांची गरज पडत नाही.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. आपल्या भागाला खेळाची कमी कधीच नव्हती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, तिथल्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकमध्ये कबड्डी करून दाखवली. पण गावात ग्राऊंडवर कोण दिसतं? पोरं. काकू शाळेत असताना खो-खो खेळायची, लग्न झालं आणि खेळ सुटला तो सुटलाच, कोणी मनाई केली असंही नाही, बस कोणी चल म्हटलं नाही. तिला आता बॉक्सिंगमध्ये बघा, दोन्ही हातांनी कशी सुटते, खांदे भरून आले तरी रिमोट द्यायला तयार नाही.

पोरं संध्याकाळी ऊन उतरलं की बाहेर क्रिकेटला जातातच, जायलाच पाहिजे, मैदानाची जागा टीव्ही घेणार नाही. दुपार मात्र आता बायांची झालीये. सकाळी कुरडया टाकायला शेजारणी जमतात, चीक घोटायचा, साच्यानं धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, घालायच्या, आणि बारा वाजता खाली आल्या की डाव सुरू.

नियम एकच, दोरी मनगटात अडकवल्याशिवाय रिमोट मिळत नाही. गेम नवा होता तेव्हा लोकांच्या हातून रिमोट सुटून टीव्ही फुटले होते, मग कंपनीनं जाड दोऱ्या बदलून दिल्या. इथे तर हात कुरडयाच्या चिकानं बुळबुळीत असतात, म्हणून नातू दारातच उभा राहतो आणि एकेकीला सांगतो, "काकू, पहिले हात धुवा."