आधी पाकीट, मग नाणं

(पुण्यातल्या नाणेसंग्राहकांच्या एका बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, ज्यांना शिवराईच्या अक्षरांच्या वळणावरून टांकसाळीचा अंदाज बांधता येतो, त्यांच्यासमोर मी आज जिओकॉइन घेऊन आलोय, म्हणजे जिओकॅशिंग या खेळातलं नाणं. ते कुठल्याही राजाने पाडलेलं नाही. बाजारात त्याचा कटिंग चहाही मिळणार नाही. तरीही जर्मनीत, जिथे मी राहतो, असे तुकडे अल्बममध्ये लावून ठेवणारी, त्यांच्या आवृत्त्यांवरून तासन् तास वाद घालणारी माणसं आहेत. बोलणं ऐकलंत तर तुम्हाला अगदी घरच्यासारखं वाटेल.

जिओकॅशिंग माहीत नसलेल्यांसाठी चार वाक्यं. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. त्याआधी साध्या माणसाच्या हातातलं यंत्र शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचं, ते एका रात्रीत झाडाच्या बुंध्यापर्यंत पोचवायला लागलं. ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. ‘शोधा, आतलं काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा’, एवढाच खेळ. सप्टेंबरपर्यंत या खेळाची वेबसाइट उभी राहिली आणि २००१ मध्ये सिअ‍ॅटलकडच्या ‘माउनटेनबाइक’ या टोपणनावाच्या खेळाडूने अशा लपवलेल्या डब्यांत ठेवायला स्वतःची नाणी पाडून घेतली. पहिला जिओकॉइन तो.

नाण्यावर एक कोड कोरलेला असतो. ते ज्या डब्यात सापडेल तिथून उचलायचं, वेबसाइटवर कोड टाकून नोंद करायची आणि पुढच्या डब्यात नेऊन ठेवायचं. नाणं कुठून कुठे गेलं, किती किलोमीटर फिरलं, हे मालकाला घरबसल्या दिसतं. बरीच नाणी वाटेत कोणाच्या तरी खिशात कायमची मुक्कामाला जातात, ती गोष्ट वेगळी. म्हणून हल्ली लोक अस्सल नाणं घरी ठेवतात आणि लॅमिनेट केलेलं त्याचं चित्र प्रवासाला पाठवतात. संग्राहकाला हवं असतं ते कोड चालू न केलेलं नाणं. कोड एकदा कोणाच्या नावावर चढला की धातू तोच राहतो, भाव उतरतो. आणि विक्रीसाठी फोटो काढताना कोडवर बोट ठेवायचं. नाहीतर नाणं कधी हातातही न घेतलेले शंभर जण ‘मी पाहिलं’ अशी नोंद करून मोकळे होतात.

आता मुद्द्यावर येतो. नवखा माणूस आधी चित्र काढतो, मग कारखाना शोधतो, मग किंमत ठरवतो आणि सगळ्यात शेवटी पोस्टात जातो. माझं म्हणणं आहे की हा क्रम उलटा करा. आधी पोस्टाचं पाकीट हातात घ्या.

जर्मन पोस्टात ‘कॉम्पाक्टब्रीफ’ नावाचा पत्राचा प्रकार आहे. वजन ५० ग्रॅमपर्यंत, जाडी १० मिलिमीटरपर्यंत. २०२५ च्या दराने त्याला देशांतर्गत १ युरो १० सेंट लागतात. त्याच्या वर गेलात की ‘ग्रोसब्रीफ’, म्हणजे १ युरो ८० सेंट. आता नाण्याचं गणित करू. व्यास ४४ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर, हे जिओकॉइनचं अगदी नेहमीचं माप. सपाट चकती धरली तर घनफळ साडेचार घन सेंटिमीटरच्या आसपास येतं. जस्ताच्या मिश्रधातूत तिचं वजन साधारण ३० ग्रॅम, पितळेत ३९. पुठ्ठा, प्लॅस्टिकची पिशवी आणि पाकीट मिळून १५ ग्रॅम धरा. जस्ताचं नाणं ४५ ला थांबलं, पितळेचं ५४ वर गेलं. धातूची निवड केली तेव्हाच टपालखर्च ठरला! चाळीस पाकिटं पाठवायची असतील तर हा फरक २८ युरोंचा होतो. हौशी माणसाच्या हिशेबात २८ युरो म्हणजे दोन नाणी.

अमेरिकेत हीच गोष्ट आणखी कडक आहे. तिथे साध्या पत्राची जाडी पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या थोडी वर, एवढीच चालते. नाण्याच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावला की तुम्ही त्या रेषेवर येता आणि रेषा ओलांडली की ते पत्र राहत नाही, पार्सल होतं. ३ ऐवजी ४ मिलिमीटर जाडीचं नाणं हातात भारदस्त लागतं, हे मला मान्य आहे. पण त्या भारदस्तपणाचे पैसे पोस्ट प्रत्येक गिऱ्हाइकाकडून वेगळे घेतं.

पॅकिंगबद्दल एकच सांगतो. नाणं पाकिटात सुटं टाकू नका. वर्गीकरणाच्या यंत्रात पाकीट झटक्याने थांबतं, नाणं थांबत नाही. ते कड फाडून बाहेर पडतं आणि गिऱ्हाइकाला रिकामं पाकीट मिळतं. पुठ्ठ्यात नाण्याच्या मापाचं भोक कापायचं, नाणं त्यात घट्ट बसवायचं, दोन्ही अंगांनी पातळ पुठ्ठा लावून चारही बाजू चिकटपट्टीने बंद करायच्या. वेळखाऊ काम आहे. घरात कोणी मदतीला येत नाही, हे आधीच गृहीत धरा.

माप ठरलं की चित्र. इथे मी माझ्या एका नाण्याबद्दल बोलतो, कारण त्यात अडचणी भरपूर होत्या. जर्मनीत हार्त्स नावाचा डोंगराळ भाग आहे, त्यातलं सर्वांत उंच शिखर ब्रॉकन, ११४१ मीटर. पाठीवर ऊन आणि समोर धुकं असलं की तिथे माणसाची सावली धुक्यावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत कडी दिसतात. जगभर या दृश्याला त्या शिखराचंच नाव आहे. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून पावसाळ्यात तेच दिसतं आणि आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. तर एका बाजूला ब्रॉकन, दुसऱ्या बाजूला कोकणकडा, अशी कल्पना होती.

पहिली अडचण कड्याची. कोकणकडा नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे, त्याचं वैशिष्ट्यच ते. पण साच्याने ठोकलेल्या नाण्यात आत वळलेला भाग करताच येत नाही, कारण साचा सरळ वर उचलला गेला पाहिजे. खाली खोबण असेल तर तो अडकेल. म्हणून कडा समोरून उठावात घ्यायचा विचार सोडला आणि बाजूने, कडेच्या रेषेत घेतला. तसा तो ओळखूही चटकन येतो.

दुसरी अडचण रंगाची. या नाण्यांवरचा एनॅमल खळग्यात भरतात आणि दोन रंगांच्या मध्ये धातूची उभी रेघ लागते. ती ०.२५-०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक गेली तर तुटते किंवा रंग एकमेकांत वाहतात. इंद्रवज्राच्या कड्यांना मात्र काठ नसतोच, तांबडा बाहेरून निळ्याकडे आत विरघळत जातो. सात रंग, आठ रेघा असं केलं असतं तर ते धनुर्विद्येचं लक्ष्य दिसलं असतं. शेवटी तीनच कडी ठेवली, पारदर्शक एनॅमल घेतला आणि त्याच्या खाली धातूवर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या बारीक किरणरेषा कोरल्या. नाणं हलवलं की खालून उजेड सरकतो. काठ तेवढे जाणवत नाहीत.

एनॅमल दोन प्रकारचा असतो. कडक प्रकारात रंग भाजून धातूच्या पातळीला घासून सपाट करतात. बोट फिरवलं तर काचेसारखं लागतं. मऊ प्रकारात रंग खाली राहतो, धातू वर उठून दिसतो. ज्यांना उठाव आणि जुनाट चांदीचा काळसर मुलामा हवा, त्यांनी मऊच घ्यावा. कडक एनॅमल महाग म्हणून चांगला, असं काही नाही, पण विकणारे तसं सांगतात.

तिसरी अडचण देवनागरीची. ‘इंद्रवज्र’ लिहायचं होतं. अनुस्वार, द्र, ज्र सगळं एका शब्दात! शिरोरेघ छान येते, ती तर धातूची तयार रेघच आहे. पण अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या अर्ध्या मिलिमीटरहून लहान झाल्या की त्या भरून जातात आणि ‘व’ ठिपक्यासारखा दिसतो. अक्षरं निदान साडेतीन मिलिमीटर उंच ठेवा आणि पोकळ्या हाताने मोठ्या करा. आणि फाइल पाठवण्याआधी अक्षरांच्या बाह्यरेषा करून घ्या. बहुतेक नाणी चीनमध्ये पाडली जातात. तिथल्या संगणकावर आपला फॉन्ट नसला की ‘किल्ला’मधली वेलांटी उडी मारून भलतीकडे बसते आणि साचा करणाऱ्याला त्यात काही वावगं दिसण्याचं कारण नसतं.

आता पैसे. इथे आकडे गणितापुरते धरा, प्रत्येक कारखान्याचे वेगळे असतात. दोन्ही बाजूंच्या साच्यांना २०० युरो. शंभर नाणी, दर नगाला ४, म्हणजे ४००. कोड आणि ते कोरण्याची मजुरी १५०. वाहतूक ६०. झाले ८१०. माल चीनमधून जर्मनीत आला की त्यावर १९ टक्के आयात मूल्यवर्धित कर, शिवाय सीमाशुल्क आणि कुरिअरची हाताळणी. हजाराच्या घरात गेलात. लोक काय करतात, हजार भागिले शंभर, दहा युरो पडले, बारा लावू, दोन सुटले.

पण शंभर नाणी विकली जात नाहीत. काही तुम्ही अदलाबदलीसाठी ठेवता, त्याशिवाय या छंदात मजा ती काय? दोन-चार कारखान्यातूनच डागी येतात. काही टपालात हरवतात आणि बदली पाठवावी लागतात. काही मित्रांना द्यावीच लागतात. म्हणून भागाकार शंभरने नाही, सत्तरने करा. एका नाण्याला १४ युरोंच्या वर पडतात. १५ लावलेत तर फिटंफाट झाली. दोनशे पाडली तर साच्याचा खर्च वाटला जातो आणि नग स्वस्त पडतो, हे खरं, पण तेवढी गिऱ्हाइकं तुमच्याकडे आहेत का? कपाटात पडून राहिलेली साठ नाणी हा स्वस्ताईचा सगळ्यात महाग प्रकार आहे.

त्यावर उपाय म्हणून एकाच साच्यातून वेगवेगळे मुलामे काढतात. काळं निकेल पन्नास, जुनाट सोनं तीस, कलाकाराची खास आवृत्ती वीस. संग्राहक तिन्ही घेतात, हे तुम्हाला सांगायला नको. मला यात गैर वाटत नाही, एका अटीवर. ‘मर्यादित आवृत्ती ३०’ म्हटलं की एकतिसावं पाडायचं नाही. मागणी कितीही आली तरी नाही.

विक्रीची सगळ्यात चांगली जागा म्हणजे खेळाडूंचे मेळावे. पाचशेच्या वर लोक आले तर त्याला मेगा म्हणतात, पाच हजारांच्या वर गिगा. पहिला गिगा २०१४ मध्ये म्युनिकला झाला. मेळाव्यात टपालखर्च शून्य, पाकीट नाही, पुठ्ठा नाही आणि समोरचा माणूस नाणं हातात घेऊन वजन अजमावतो. ऑनलाइन विक्रीत मात्र सरकार भेटतं. जर्मनीत तुम्ही नियमितपणे नफ्यासाठी विकायला लागलात की तो व्यवसाय धरला जातो, नोंदणी करावी लागते. पाकिटाच्या पुठ्ठ्याचीसुद्धा पॅकेजिंगच्या कायद्याखाली वेगळी नोंदणी आहे, धंदा कितीही छोटा असला तरी. मला सुरुवातीला हसू आलं होतं. फॉर्म भरताना येत नाही.

परदेशी पाठवताना सीमाशुल्काच्या छोट्या फॉर्मवर, सीएन २२ म्हणतात त्याला, वस्तूचं वर्णन लिहायचं असतं. तिथे ‘नाणी’ लिहू नका. जागतिक टपाल संघटनेच्या नियमांनुसार विमा न उतरवलेल्या पत्रातून नाणी, नोटा, दागिने पाठवायला मनाई आहे. तुमचं नाणं चलन नाहीच, तेव्हा ‘संग्रहासाठी धातूचं पदक’ हे खरं वर्णन आहे. किंमत मात्र खरी लिहा. ‘भेटवस्तू, १ युरो’ लिहिण्याचा सल्ला पुष्कळ जण देतील. विकलेली वस्तू भेट होत नाही आणि पाकीट हरवलं तर भरपाईही त्याच एका युरोच्या हिशेबाने मिळेल. युरोपीय संघात मूल्यवर्धित कराची २२ युरोंखालची सवलत जुलै २०२१ पासून गेली. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेनेही ८०० डॉलरपर्यंतची करमाफी सगळ्या देशांसाठी बंद केली. त्यामुळे पंधरा युरोंच्या नाण्यालाही आता कागदपत्रं लागतात. अनेक हौशी लोकांनी खंडाबाहेर पाठवणं थांबवलंय आणि मला त्यांचं पटतं.

तुमच्यापैकी काही जण आपल्या मंडळासाठी असं टोकन काढायचं म्हणताहेत, असं अध्यक्षांनी मघाशी सांगितलं. जरूर काढा. आपल्याकडे २०११ चा नाणे अधिनियम आहे. पैसा म्हणून वापरता येईल असे धातूचे तुकडे खासगीरीत्या पाडायला त्यात मनाई आहे, तेव्हा त्यावर रुपयाचं चिन्ह किंवा मूल्य नको. अशोकस्तंभाची सिंहमुद्राही नको, तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. युरोपात पाठवायचं असेल तर १९ ते २८ मिलिमीटर हा व्यास टाळा. युरो नाण्यांशी साम्य असलेल्या पदकांचे तिथले नियम याच पट्ट्यात सगळ्यात जास्त अडवतात. शिवराईची प्रतिकृती काढणार असाल, तर ती मुळापेक्षा चांगली मोठी करा आणि कडेला ती पाडल्याचं वर्ष कोरा. ते कशासाठी, हे या खोलीत कोणाला समजावून सांगायची गरज नाही.