‘हो’ म्हणा किंवा ‘नाही’ म्हणा, आणि लोक म्हणतात ‘बघतो’

मागपर्यंत येतोय का आवाज?

बघा, आत्ता मी तुम्हाला सरळ हो-नाहीचा प्रश्न विचारला आणि मला काय मिळालं, तर पुढच्या रांगेतल्या दोघांनी नुसत्या माना हलवल्या, मधून कोणीतरी म्हणालं ‘माईक जरा वर घ्या’, आणि तिकडे मागे एक काकू पंख्याकडे बोट दाखवतायत. ‘हो’ किंवा ‘नाही’ एकानेही म्हटलं नाही. तरी मला सगळं कळलं, की आवाज येतोय पण पंख्याच्या घरघरीत नीट लागत नाहीये. हेच तुम्ही फोनवरच्या मशीनला सांगितलं असतं तर ते म्हणालं असतं, ‘क्षमस्व, आपण अवैध पर्याय निवडला आहे.’ (हशा) पंखा बंद करा हो कोणीतरी.

तर मी गेली बरीच वर्षं हेच काम करतोय, फोनवर मशीनने काय बोलायचं, कधी गप्प बसायचं, आणि समोरचा भलतंच बोलला तर पुढे काय. आमच्या धंद्यात त्याला ‘अनएक्स्पेक्टेड रिस्पॉन्स’ म्हणतात आणि माझं भांडण त्या शब्दाशीच आहे. अनपेक्षित कोणाला? स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला. बोलणारा माणूस तर त्याला ऐकू आलेल्या प्रश्नाचं व्यवस्थित उत्तर देत असतो, फक्त त्याला ऐकू आलेला प्रश्न आणि आपण लिहिलेला प्रश्न हे दोन वेगळे असतात.

हा प्रॉब्लेम आला कुठून, थोडं मागे जाऊ. १८ नोव्हेंबर १९६३ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात बेल कंपनीने गिऱ्हाइकांना बटणांचे फोन द्यायला सुरुवात केली. प्रत्येक बटणाचे दोन सूर, म्हणजे पाच दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकदम वाजतात, आणि पलीकडच्या यंत्राला ते दोन सूर ओळखायचे असतात, बस. यात माणूस फार फार तर चुकीचं बटण दाबेल, दुसरं काय करणार? म्हणून आयव्हीआरवाल्यांची, म्हणजे ‘अमक्यासाठी एक दाबा’ म्हणणारी मशीन बनवणाऱ्यांची, पुढची कितीतरी वर्षं तशी सुखात गेली. सुखात म्हणजे त्यांची, आपली नाही.

मग बोलून उत्तर द्यायची सोय आली आणि सुख संपलं. १९९२ मध्ये एटी अँड टीने ऑपरेटरच्या कामासाठी एक सिस्टीम सुरू केली, तिला फक्त पाच गोष्टी कळायच्या, कलेक्ट, कॉलिंग कार्ड, पर्सन, थर्ड नंबर आणि ऑपरेटर, म्हणजे कॉलचे पैसे कोण भरणार आणि कोणाशी जोडायचं याचे प्रकार. लोकांना स्पष्ट सांगितलेलं की यातलं एक बोला. पण त्याआधीच्या चाचण्यांमध्ये लक्षात आलं की पाचातला जवळजवळ एक माणूस नुसता शब्द बोलत नाही, तो म्हणतो ‘अं... मला ना, कलेक्ट कॉल लावायचाय, प्लीज’. आता इथे दोन रस्ते होते. एक, माणसाला दटावायचं की बाबा रे एकच शब्द बोल. दुसरा, मशीनलाच शिकवायचं की कामाचा शब्द उचल आणि बाकीचं सोडून दे. त्यांनी दुसरा घेतला, पाच शब्दांच्या मॉडेलशेजारी एक कचऱ्याचं मॉडेल ठेवलं, त्यात ‘अं’, ‘प्लीज’, खोकला, टीव्हीचा आवाज सगळं जायचं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते, कारण तिथे पहिल्यांदा कोणीतरी असं धरलं की माणूस बरोबर आहे आणि यादी तोकडी आहे.

आता आमचा किस्सा सांगतो. डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी आम्ही आठवण करून देणारे कॉल बनवले, मराठीत. दवाखान्याचं नाव नको, चूक आमची होती. बॉट, म्हणजे आमचं बोलणारं मशीन, म्हणायचा, ‘नमस्कार, अमक्या दवाखान्यातून बोलतोय. उद्या सकाळी साडेदहा वाजता आपली तपासणी आहे. आपण येणार आहात का? हो किंवा नाही म्हणा.’ ऑफिसमध्ये टेस्टिंग झकास झालं, आम्ही सगळे एकमेकांना ‘हो’, ‘नाही’ म्हणत बसलो होतो. प्रत्यक्ष कॉल गेले आणि दुसऱ्या दिवशी मी हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. ‘कोण बोलतंय?’ ‘बाबा शेतात गेलेत.’ ‘अहो ऑपरेशन झालं की मागच्या महिन्यात!’ ‘गाडीवर आहे, नंतर करा.’ ‘उद्या मोठे डॉक्टर आहेत का?’ एका आजींनी तर आधी बॉटचीच विचारपूस केली, जेवलीस का बाळा म्हणून. आणि या सगळ्यांना आमचं उत्तर एकच, ‘माफ करा, मला समजलं नाही. कृपया हो किंवा नाही म्हणा.’

हे ऐकताना मला लाज वाटली, खरंच. कारण त्यातलं एकही उत्तर वेडंवाकडं नव्हतं. ‘बाबा शेतात गेलेत’ म्हणजे फोन घरातल्या सगळ्यांचा आहे आणि आपण पेशंटशी बोलत नाही आहोत, मग पहिला प्रश्न ‘मी अमक्यांशीच बोलतोय ना’ हा हवा होता आणि ते नसतील तर ‘त्यांना निरोप द्याल का’ हा. ‘कोण बोलतंय’ म्हणजे आपण दवाखान्याचं नाव घाईघाईत उरकलं. ‘ऑपरेशन झालं की’ म्हणजे यादी जुनी आहे, ती सुधारायची फुकटात मिळालेली माहिती, जी आम्ही ‘नो-मॅच’, म्हणजे ‘कळलं नाही’, म्हणून फेकून देत होतो! ‘डॉक्टर आहेत का’ म्हणजे माणूस यायला तयार आहे, अट फक्त एक आहे.

आणि मग ‘बघतो’. हा मराठी बॉटचा खरा कर्दनकाळ. ‘येणार का?’ ‘बघतो.’ आता इथे बसलेल्या प्रत्येकाला माहितीये की ‘बघतो’ म्हणजे बहुतेक वेळा नाही, पण तोंडावर नाही कसं म्हणायचं म्हणून. आमच्या टीममधला एक मुलगा बाहेरच्या राज्यातला होता, त्याने ‘बघतो’, ‘सांगतो’, ‘करतो’ सगळे ‘हो’च्या खात्यात टाकले होते, बिचाऱ्याचं काय चुकलं, क्रियापद तर होकारार्थीच आहे. त्याहून गंमत ‘येतो’ची. आपण निघताना, फोन ठेवताना ‘बरं, येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणणं अशुभ. तर एकाने आधी सांगितलं, ‘उद्या जमायचं नाही’, आणि शेवटी सवयीने म्हणाला ‘बरं येतो मग’, आणि बॉटने खुशाल नोंदवलं की पेशंट येणार. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की नकारानंतर आलेलं ‘येतो’ हे रामराम धरायचं.

‘परवा’ तर माहितीच आहे. कालच्या आधीचा पण परवा आणि उद्याच्या नंतरचा पण परवा. ‘परवा येऊन गेलो’ आणि ‘परवा येऊन जातो’ यात फरक शेवटच्या एका शब्दाचा, आणि फोनच्या लाइनवर शेवटचा शब्दच खाल्ला जातो. म्हणून तारीख परत म्हणून दाखवायची, ‘म्हणजे येत्या गुरुवारी, बरोबर?’ वाराचं नाव घेतलं की सगळे शुद्धीवर येतात.

लाइनचं निघालंच आहे तर सांगून टाकतो. साध्या फोनची लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे नेते. ‘स’ची बरीचशी धार त्याच्या वर असते, ती कापली जाते. त्यात मराठी आकडे, सात आणि साठ, वीस आणि तीस, आणि एकोणऐंशी म्हटलं की नव्या पोरांची पंचाईत वेगळीच. लोक मोबाइल नंबर सांगताना अर्धा इंग्रजीत, अर्धा जोडीने मराठीत सांगतात, ‘नाइन एट, डबल टू, सत्तावन्न...’ आणि मध्येच ‘थांबा हं, पेन घेतला का?’ विचारतात. (हशा) बॉटला! आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपलं ‘हो’. इतका महत्त्वाचा शब्द आणि एवढासा, नुसती हवा, एसटी स्टँडवरून बोललं की गायबच. बरं, लोक ‘हो’ म्हणतात तरी कुठे, ‘हं’ म्हणतात, ‘बरं’, ‘चालेल’ म्हणतात, आणि ‘हं’ म्हणजे कबूल आहे की नुसतं ‘ऐकतोय, पुढे बोला’ हे सुरावरून ठरतं. म्हणून बॉट बोलत असताना आलेलं ‘हं, हं’ हे उत्तर म्हणून घ्यायचं नाही. सुरुवातीला आम्ही घेत होतो. बॉट बोलत असताना त्याला तोडता यावं ही सोय, बार्ज-इन म्हणतात त्याला, आम्ही मोठ्या हौसेने चालू ठेवली होती, तर लोक आपुलकीने ‘हं’ करायचे आणि बॉट अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचा, मग ते म्हणायचे ‘हॅलो? हॅलो?’, तेही आम्ही उत्तर म्हणून घ्यायचो. नुसता गोंधळ.

‘हॅलो’वरून आठवलं, गप्प बसणं. २००४ मध्ये व्हॉइसएक्सएमएल २.० म्हणून मशीनशी फोनवर बोलण्याचं एक स्टँडर्ड झालं, त्यात फार शहाणपणाची एक गोष्ट होती, ‘काहीच ऐकू आलं नाही’ आणि ‘ऐकू आलं पण कळलं नाही’ हे दोन वेगळे प्रसंग धरले होते, आणि ते कितव्यांदा घडलं हेही मोजता यायचं, म्हणजे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वेळेला वेगळं बोलता यावं. स्टँडर्डने सोय दिली, आपण काय केलं, तिन्ही ठिकाणी तेच वाक्य कॉपी-पेस्ट. अहो गप्प बसलेला माणूस पासबुक शोधत असतो, नाहीतर आतल्या खोलीत विचारायला गेलेला असतो, त्याला ‘मला समजलं नाही’ काय म्हणता, तो बोललाच नाहीये! त्याला म्हणा ‘सावकाश बघा, मी थांबतो’.

आणि कळलं नसेल तर पहिल्यांदा फक्त ‘काय म्हणालात?’ एवढंच, आपण माणसं करतो तसं. लोक आपोआप थोडं बदलून सांगतात आणि तेवढ्याने बरंचसं काम होतं. दुसऱ्यांदा प्रश्नच बदला, सोपा करा, उदाहरण द्या. तिसऱ्यांदा बटणावर या किंवा माणसाकडे जोडून द्या, पण चौथ्यांदा विचारू नका. याला कारण आहे. शॅरन ओव्हिएट नावाच्या बाईंनी नव्वदच्या दशकात यावर काम केलं, मशीन चुकलं की माणूस कसा बोलायला लागतो. तो हळू बोलतो, तोडून तोडून, एकेक अक्षर दाबून, आपण परक्या माणसाला रस्ता सांगताना बोलतो ना तसं. ‘ना-ही! ना-ही!’ आणि रेकग्नायझर, म्हणजे मशीनमधला बोलणं ओळखणारा भाग, शिकलेला असतो साध्या बोलण्यावर, म्हणून त्याला ते आणखी कळत नाही. म्हणजे ‘कृपया स्पष्ट बोला’ ही सूचना रोगापेक्षा वाईट औषध आहे. मी प्रत्येक स्क्रिप्टमधून ते वाक्य काढायला लावतो.

बटणाला नावं ठेवू नका मात्र. गुजरातमध्ये शेतकऱ्यांसाठी २००८ मध्ये ‘आवाज ओटलो’ नावाची फोन सेवा झाली, तिच्यावर बोलून उत्तर देणं आणि बटण दाबणं यांची तुलना केली, तर काम पूर्ण करण्यात बटणवाले पुढे निघाले. शिक्षण कमी म्हणजे बोलणंच सोपं जाणार, हे आपण शहरात बसून ठरवलेलं असतं. आता स्मार्टफोनवर भानगड वेगळी आहे, ‘एक दाबा’ म्हटलं की फोन कानावरून काढा, कीपॅड उघडा, तोवर बॉटचं पुढचं वाक्य हवेत गेलं. म्हणून ‘दाबा’नंतर दोन-तीन सेकंद काही बोलायचं नाही. आणि ‘एक दाबा’ ऐकून जो माणूस तोंडाने ‘एक’ म्हणतो त्याचं ‘एक’ घ्या ना राव, काय बिघडतं.

आपल्याकडेही शेतमालाचे बाजारभाव बोलून विचारता यावेत म्हणून २०१० च्या आसपास सहा भारतीय भाषांत प्रयत्न झाला, त्यात मराठी होती. तिथली मेख मला अजून कामाला येते, माल एकच आणि नावं दहा. ज्वारी म्हणा, जोंधळा म्हणा, कोणी शाळू म्हणेल. भुईमूग कोणासाठी नुसत्या शेंगा. ढोबळी मिरची, भोपळी मिरची, सिमला मिरची. हे ‘अनपेक्षित’ नाही, हे फक्त पुण्यात बसून लिहिलेल्या यादीत नाही.

प्रश्न आहेत का? हां, बोला... यांचं म्हणणं, आता एआयचे मोठे मॉडेल आलेत, त्यांना ‘बघतो’पण कळतं, मग तुमचं काम संपलं का. कळतं, बऱ्यापैकी कळतं, मी पण वापरतो. पण जुना बॉट अडायचा तेव्हा निदान अडला हे लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींत, दिसायचं. नवा अडत नाही, तो काहीतरी समजून घेतो आणि गोड आवाजात पुढे जातो, ‘परवा’चा कुठला परवा घेतला ते पेशंट आला नाही की कळतं. म्हणून परत म्हणून दाखवणं आता जास्त लागतं, कमी नाही. आणि दुसरं, वेळ. माणसं एकमेकांशी बोलताना दोन बोलण्यांमधली फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी असते, दहा भाषांमध्ये मोजलंय हे, २००९ मध्ये. बॉट एक-दीड सेकंद विचार करत बसला की आपला माणूस ‘हॅलो?’ म्हणणारच, आणि ते ‘हॅलो’ बॉटच्या उत्तरावर आदळतं. मग आम्ही मध्ये ‘हं, बघतो’ असं भरीचं घालतो. हो, बॉट म्हणतो, ‘बघतो’. फिट्टंफाट.

अजून एक? शिव्यांचं काय करता? चांगला आहे प्रश्न. माणूस शिवीवर आला की आणखी काही न विचारता सरळ माणसाकडे जोडायचं. पण यादी करायला बसलो आणि तिथेही अडकलो. ‘आयला’ घातलं होतं यादीत, आणि सुरुवातीलाच एका गृहस्थांचा कॉल, ‘आयला, लागला बाबा एकदाचा फोन!’, इतके खूश होते ते, आणि आम्ही त्यांना उचलून तक्रार विभागात टाकलं. ते काढलं मग. ‘च्यायला’वर मात्र अजून टीममध्ये एकमत नाही.